निवारा केंद्राचा एकच प्रयोग

नाटक मंडळीत तिला सगळे कुजबुज म्हणत. चाळीस वर्षं ती विंगेतल्या स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करत आली होती. तिचा आवाज पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला कधी ऐकू गेला नाही, पण रंगमंचाच्या पार दुसऱ्या टोकाला गोंधळून उभ्या असलेल्या नटाच्या कानात मात्र बरोबर जाऊन पडायचा. दिवसा ती नगरपालिकेत घरपट्टीच्या खिडकीवर बसायची. तिथं तोच आवाज बाहेरच्या रस्त्यापर्यंत जायचा. "सुट्टे असतील तरच रांगेत उभे राहा! पावती फाडली की फाडली!"

मंडळीतल्या नटांना एक खोड होती, आणि ती तिनंच लावली होती. कुजबुज जे सांगेल ते म्हणायचं. अर्थ नंतर बघायचा. एकदा घाईघाईत तिच्या ऑफिसचा एक कागद नाटकाच्या वहीत राहून गेला होता आणि दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात तिनं तो तसाच वाचला. भर दरबारात राजानं तलवार उपसून थकलेल्या पाणीपट्टीची अंतिम नोटीस सुनावली. "पंधरा दिवसांच्या आत भरणा न केल्यास जोडणी तोडण्यात येईल!" राजकन्या हुंदका देऊन कोसळली. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी खिडकीवर थकबाकीदारांची रांग लागली हेही खरं.

तो राजा म्हणजे मंडळीचा हिरो. चष्म्याचं दुकान चालवायचा. आता पंचाहत्तरीला आला होता, तरी हिरोच होता, कारण दुसरा कुणी तयार होईना. आणि ती राजकन्या म्हणजे कुजबुजची सख्खी थोरली बहीण, अक्का.

नाट्यगृहाचं छप्पर खचलं त्याला अकरा वर्षं झाली होती. नगरपालिकेनं कुलूप लावलं आणि घरपट्टीवर छपरासाठी एक अधिभार बसवला. निवृत्त होईपर्यंत पाच वर्षं तो कुजबुजनंच गोळा केला. लोक काय काय बोलायचे! बूट दुरुस्त करणारा म्हणायचा, "बाई, मी आयुष्यात नाटक पाहिलं नाही, मला कशाला?" इस्त्रीवाली म्हणायची, "माझ्या घराचं छप्पर गळतंय, ते कोण बघणार?" कुजबुज सगळ्यांना एकच सांगायची. "तुमच्याच डोक्यावर येणार आहे ते छप्पर. पहिल्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसवते. माझा शब्द."

छप्पर काही आलं नाही. विचारायला गेलं की सांगत, निधी जमतोय.

अक्का आधी भांडून भांडून दिवस काढायची. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही तीन पावलं मागं सरायची, मान वळवायची, मग म्हणायची, "इतके?" भाजीवाला गहिवरून भाव कमी करायचा. पण गेल्या वर्षापासून तिनं भांडणंही सोडली. दिवसभर खिडकीशी बसून राहायची. "आता काय राहिलंय," एवढंच म्हणायची, आणि तेही पुरतं न म्हणता शेवटचा शब्द गिळून टाकायची. कुजबुजला त्याचीच धास्ती होती. अक्का वाक्य अर्धवट सोडते म्हणजे काय!

अशात तो सेवाभावी आला. त्याच्या कार्डावर नावाखाली 'सेवाभावी' असं छापलेलं होतं, म्हणून सगळे त्याला तेच म्हणू लागले. गुळगुळीत दाढी केलेला, बोलताना समोरच्याचा हात हातात घेणारा माणूस. मंडळींना त्यानं मास्तरांच्या घरी जमवलं. मास्तर म्हणजे दिग्दर्शक. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी चांगलं म्हटलेलं खरं वाटलं नव्हतं आणि वाईट म्हटलेलं खपलं नव्हतं.

"परदेशातून दोन पाहुणे येतायत," सेवाभावी म्हणाला. "मोठ्या रसिक संस्थेचे. त्यांना नवीन पद्धतीचं नाटक हवंय. पडदा नाही, रंगमंच नाही. प्रेक्षक नटांच्या मधून फिरणार. प्रश्नही विचारणार. नटांनी भूमिका सोडायची नाही, शेवटपर्यंत."

"हे मी एका मासिकात वाचलंय," मास्तर ताठ होऊन म्हणाले. "तिकडे सगळीकडे आता असंच चालतं."

"विषय आहे निवारा केंद्र. पुरात घरं गेलेली साठ माणसं, ती तिथं राहतात, शिवणकाम शिकतात, औषधपाणी होतं त्यांचं. दाखवायला एकच प्रयोग, पण तो जिवंत झाला पाहिजे."

"आणि मानधन?" हिरोनं विचारलं.

"मानधन आहेच. शिवाय पाहुणे खूश झाले ना," सेवाभावीनं अक्काचा हात हातात घेतला, "तर तुमच्या नाट्यगृहावर छप्पर मी घालून देतो. शब्द देतो."

अक्कानं तीन पावलं मागं जाऊन मान वळवली. कुजबुजनं ते पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा अक्का मागं सरली होती.

गावाबाहेर साबणाचा बंद कारखाना होता. भिंतींना अजून साबणाचा वास यायचा आणि फरशीवरून पाय सटकायचे. तिथं महिनाभर तालीम चालली. मंडळीत उरले होते बावीस जण, आणि माणसं दाखवायची होती साठ. मग प्रत्येकाला तीन तीन भूमिका. पाहुणे झोपायच्या खोलीतून बाहेर पडले की खाटेवरच्यांनी मागच्या दारानं पळत जाऊन, स्वेटर बदलून, दाढी लावून शिवणवर्गात बसायचं. सत्तरी ओलांडलेली माणसं बोळातून धावताना एकमेकांना थोपवत होती. "अहो, माझी दाढी तुम्ही लावलीत!" "अगं, तू पुढच्या खोलीत मेलेली आहेस, इथं काय करतेस?" गुडघे दुखणाऱ्यांचे गुडघे थांबले. हिरोच्या कवळीनं तर पळता पळता एकदा सरळ शिवणयंत्रावर उडी घेतली.

खाटा आल्या फर्निचरच्या दुकानातून, भाड्यानं. मास्तरांनी नाटक लिहिलं आणि पानापानावर सूचना भरल्या. प्रश्न राहिला कुजबुजचा.

"रंगमंचच नाही तर मी बसू कुठं?" तिनं विचारलं.

"तुमच्याशिवाय चालवू या का?" मास्तर चाचरत म्हणाले.

हिरो म्हणाला, "मग मीही नाही." शेवटी झोपायच्या खोलीत मधोमध एक मोठं कपाट ठेवलं, दारांना पट्ट्यापट्ट्यांची जाळी असलेलं. आतल्या फळ्या काढल्या, स्टूल ठेवलं, बाहेर पाटी लावली, 'औषधे'. कुजबुज वही आणि छोटी बॅटरी घेऊन आत बसली. आत दमट वास होता, पाय आखडत होते, आणि ती वर्षानुवर्षांत इतकी खूश झाली नव्हती.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी दहाला पाहुणे आले. एक बाई, कापलेले पांढरे केस, पायात चालून चालून झिजलेले बूट. एक उंच पुरुष, हातात कागद अडकवलेली पाटी, प्रत्येक गोष्टीवर खूण करणारा. आणि त्यांची दुभाषी. सेवाभावी पुढं पुढं करत होता.

पहिला अंक असा रंगला की काय सांगावं. हिरो खोकला. त्याचा खोकला पूर्वीपासूनच नामांकित होता. उंच पाहुण्यानं त्याला रुमाल दिला. शिवणवर्गात बावीस माणसं नव्या बावीस माणसांसारखी बसली. बारा यंत्रं एकदम सुरू झाली, आणि त्यातल्या एकालाही दोरा नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पाहुणे परत झोपायच्या खोलीत आले तेव्हा अक्का खाटेच्या कडेला बसली होती आणि तिचं स्वगत सुरू झालं होतं. पाणी कसं आलं, घर कसं गेलं, नवऱ्याचा चष्मा तेवढा हाताला कसा लागला. दुभाषी हलक्या आवाजात सांगत होती आणि पांढऱ्या केसांच्या बाईचे डोळे वाहू लागले होते. जाळीतून कुजबुज अक्काकडे बघत होती. पाठ ताठ, मान वर, आवाज काठोकाठ भरलेला. अकरा वर्षं कुठं दडवून ठेवली होती हिनं ही चीज!

तेवढ्यात ती पाहुणी डोळे पुसायला बाजूला सरली आणि नेमकी कपाटाला टेकून उभी राहिली. सेवाभावी तिच्याजवळ गेला. दुभाषीही गेली. कुजबुजच्या नाकापासून वीतभर अंतरावर तिघंही होते.

"बाई म्हणतायत," दुभाषी सेवाभावीला सांगू लागली, "तीन वर्षांचे तुमचे अहवाल वाचले होते, पण कागद तो कागद. ही साठ माणसं खरोखर इथं राहतायत, जगतायत, हे बघून त्यांना फार बरं वाटलं."

"त्यांची कृपा," सेवाभावी म्हणाला.

"त्या म्हणतायत, कृपा कसली? पैसा काही त्यांचा नाही. त्यांच्याकडे बस चालवणारे आहेत, नर्स आहेत, शाळेतल्या फरशा पुसणाऱ्या बाया आहेत, त्यांच्या करातून येतो तो. आता त्यांना जाऊन सांगता येईल, वाया गेला नाही म्हणून."

कपाटात कुजबुजची बॅटरी विझली. तिनंच विझवली होती. तिला वाटलं, हाही नाटकाचाच भाग असेल. मास्तरांनी वहीत घातला नसेल एवढंच.

"आणि इथल्या लोकांचंही कौतुक करतायत. दर वर्षी पाचवा हिस्सा इथल्या नगरपालिकेनं घातलाय ना? नाट्यगृहाच्या छपरासाठी जमलेला निधी लोकांनी आपखुशीनं इकडं वळवला, असं कागदात लिहिलंय."

"फार मोठ्या मनाची माणसं," सेवाभावी गहिवरून म्हणाला.

"तर पुढची पाच वर्षं अनुदान दुप्पट करा, अशी शिफारस त्या आज करणार आहेत."

नाटकात असं बोलणं कुणी लिहीत नाही. कुजबुजला चाळीस वर्षांचा अनुभव होता. नाटकातला माणूस 'दुप्पट' म्हणताना जरा थांबतो. ही मुलगी थांबली नव्हती. म्हणजे हे खरं होतं. हे पाहुणे प्रेक्षक नव्हतेच. त्यांना नाटक आहे हे ठाऊकच नव्हतं! सगळ्या इमारतीत नाटक बघायला आलेलं एकही माणूस नव्हतं, आणि बावीस नट जीव तोडून काम करत होते.

तिला आधी हसू आलं. कपाट जरासं हललं सुद्धा. मग ते हसू विरलं. खिडकीपलीकडचे चेहरे तिच्यासमोर एकेक करून येऊ लागले. बूट दुरुस्त करणारा, इस्त्रीवाली. त्यांचं छप्पर ह्या गुळगुळीत माणसाच्या घरात जाऊन बसलं होतं, आणि तिचा शब्दही त्यातच. आणि कुठल्या तरी परक्या शहरातली फरशी पुसणारी बाईही तिथंच पैसे भरत होती, न बघता, न विचारता.

पण अक्का! गप्प बसलं तर काय होईल? पाहुणे जातील, अनुदान दुप्पट होईल. इतक्या पैशातून एक छप्पर फेकणं सेवाभावीला काय जड होतं? कदाचित त्यानं घातलंही असतं. अक्काला रंगमंच मिळाला असता. बोललं तर काहीच नाही. खिडकी, आणि अर्धवट सोडलेली वाक्यं.

बाहेर तिघंही पुन्हा खाटेजवळ गेली होती आणि अक्का स्वगताच्या तिसऱ्या वळणावर आली होती. त्या वळणावर ती कायम अडायची, कुठल्याही नाटकात. तिनं पदराशी चाळा करावा तसा उशीच्या टोकाशी चाळा केला आणि नजर हळूच कपाटाकडे वळवली. तिला पुढचं वाक्य हवं होतं.

कुजबुजनं वही मिटली.

"आम्हाला कुठलाही पूर आला नाही," ती कुजबुजली.

अक्काची पापणी सुद्धा लवली नाही. "आम्हाला," तिनं छातीवर हात ठेवला, "कुठलाही! पूर! आला नाही!"

दुभाषी खाटेकडे वळली.

"मी इथं राहत नाही."

"मी इथं राहत नाही!" अक्का उठून उभी राहिली. "माझं घर बाजाराच्या मागं आहे, दुसरा मजला, पाण्याचा दाब कमी!" पाण्याच्या दाबाचं तिनं पदरचंच घातलं होतं. हिरोला वाटलं, मास्तरांनी आयत्या वेळी प्रवेश बदलला. असं बरेचदा व्हायचं. मागं राहायचा त्याचा स्वभाव नव्हता. तो खाटेवरून उडी मारून उतरला. "नाही! नाही आला पूर!" असं म्हणून त्यानं गुडघे टेकले.

"ही खाट कालच दुकानातून भाड्यानं आली."

अक्कानं खाटेच्या पायाला लटकणारी किमतीची चिठ्ठी उचलून पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "ही खाट! भाड्याची! उद्या टेम्पो येणार हिला न्यायला!"

"शिवणवर्गातला दाढीवाला आणि हा आजारी माणूस एकच आहे."

हे हिरोनंच ऐकलं आणि स्वतःच म्हणून टाकलं. खिशातून दाढी काढून त्यानं हवेत फडकवली. उंच पाहुण्याच्या हातातलं पेन थांबलं.

"बाईंना ताप आहे!" सेवाभावी पुढं धावला. "धक्का बसलाय. पुराचा धक्का आहे तो!"

आणि मागच्या दारातून मास्तर आत घुसले. लालेलाल झालेले, हातात स्वतःची प्रत. "हे माझ्या नाटकात नाही!" ते किंचाळले. "सातव्या पानावर नवऱ्याचा चष्मा आहे, मग हुंदका, मग सगळे मिळून आभार! हे कुणी घातलं? माझ्या नाटकाचं वाटोळं केलंत!"

दुभाषी कामाला पक्की होती. तिनं शब्दन् शब्द पाहुण्यांना सांगितला.

कुजबुजनं शेवटचं वाक्य दिलं. "आम्ही नाटकवाले आहोत. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

अक्कानं तोंड उघडलं आणि वाक्याच्या मध्यावर थांबली. ती अडली नव्हती. म्हणता म्हणताच तिला त्याचा अर्थ कळला होता. तिनं पांढऱ्या केसांच्या त्या बाईच्या ओल्या गालांकडे पाहिलं. मग हात खाली सोडले, पाठ सैल केली, आणि घरी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "आम्ही नाटकवाले आहोत हो. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

सेवाभावीनं शेवटचा उपाय केला. तो जोरजोरात टाळ्या वाजवू लागला. "वा! वा! कसा वाटला प्रयोग?" त्याच्याबरोबर कुणीही टाळी वाजवली नाही. उंच पाहुणा सरळ चालत कपाटाशी गेला आणि त्यानं दार उघडलं. आत 'औषधे' ह्या पाटीमागं एक म्हातारी बाई स्टुलावर बसलेली, मांडीवर वही. चाळीस वर्षांत प्रयोग चालू असताना ती प्रेक्षकांना कधी दिसली नव्हती. ती लाजली. मग तिनं वही त्याच्या हातात दिली.

त्यानं ती दुभाषीला दिली. दुभाषी समासातल्या सूचना वाचू लागली. 'इथे रडू.' 'इथे पाहुणीबाईंकडे पाहणे, पण चारच सेकंद.' 'खोकला, मोठा.' 'दोरा नसल्याचे दिसू देऊ नये.' पांढऱ्या केसांची बाई आधी पांढरीफटक पडली, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि ती खाटेवर बसून इतकी हसली, इतकी हसली की हिरोनं तिला तिच्याच सोबत्याचा रुमाल परत दिला. हसणं संपल्यावर तिनं डोळे पुसले. मग दुभाषीमार्फत तिनं कुजबुजला विचारलं, "बस चालवणाऱ्यांना आता मी काय सांगू?"

"सांगा, चोर सापडला," कुजबुज म्हणाली. "पैशाचं मला माहीत नाही."

अनुदान त्याच दिवशी थांबलं. मानधन मिळालं नाही. मास्तर महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. अक्का दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तिला वाचा फुटली.

"आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"कपाटातून कसं सांगणार, अक्का?"

"सांगितलं असतंस तर मी ते जास्त चांगलं म्हटलं असतं. 'पूर आला नाही' माझं घाईत गेलं."

"छप्पर गेलं गं आपलं."

"ते तर तीन वर्षांपूर्वीच गेलं होतं. आपल्याला आत्ता कळलं."

मग चौकशी बसली. नगरपालिकेच्या सभागृहात पन्नास खुर्च्या, आणि यायचं होतं अख्ख्या गावाला. शेवटी चौकशी अधिकाऱ्यानं नाट्यगृहाचं कुलूप काढायला लावलं. खचलेलं उरलंसुरलं छप्पर उतरवलं, धूळ झाडली, आणि वर मोकळं आभाळ घेऊन चौकशी सुरू झाली. दारात शिपायानं बूट दुरुस्त करणाऱ्याला अडवलं. "कुठं चाललात? पास आहे का?" तो म्हणाला, "अकरा वर्षं तिकीट भरतोय. सरक." आणि जाऊन पहिल्या रांगेत बसला. कुजबुजनं त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होतीच.

अधिकारी म्हणाला, "जे घडलं ते थोडक्यात सांगा." ही माणसं थोडक्यात काही सांगणारी नव्हती. पहिल्या तारखेला पहिला अंक झाला, दुसऱ्या तारखेला दुसरा. हिरो खोकला तेव्हा अधिकाऱ्यानं स्वतःचं पाणी त्याला दिलं. सेवाभावीला आरोपी म्हणून स्वतःच उभं राहावं लागलं, आणि हिरो सगळ्यांना सांगत सुटला, "स्वतःचंच काम, तेही धड येत नाही माणसाला!"

गेलेल्या पैशातला थोडासाच हाती लागला. बाकीचा सेवाभावीनं कुठं कुठं पेरून ठेवला होता, ते शोधायला आणखी दोन वर्षं लागतील असं अधिकारी म्हणाला. त्या शोधाच्या खर्चासाठी नगरपालिकेनं घरपट्टीवर नवा अधिभार बसवला. कुजबुज तो भरायला गेली. ज्या खिडकीमागं तिनं आयुष्य घालवलं तिच्यापुढं रांगेत उभी राहिली आणि एवढी कुरकुरली की आतली मुलगी म्हणाली, "मावशी, सुट्टे असतील तर द्या, नाहीतर बाजूला व्हा."

तिसऱ्या आणि शेवटच्या तारखेनंतर दोघी बहिणी घरी निघाल्या. अक्काच्या अंगावर अजून उन्हाचा तांबूसपणा होता. दोन्हीकडून लोक तिला हात करत होते आणि ती मान किंचित लववून पुढं चालत होती. बाजाराच्या कोपऱ्यावर ती एकदम थांबली. तीन पावलं मागं सरली.

"म्हणजे आता संपलं?"

"संपलं, अक्का. निकाल लागला."

"आणि त्याला तो मान्य नसला तर?"

"कुणाला?"

"त्या सेवाभावीला. माणसाला अपील करायचा, पुन्हा तारखा लावून घ्यायचा हक्क असतो ना गं?"

"असतो."

"मग कुणीतरी त्याला सांगायला हवं," अक्का म्हणाली, आणि भाजीवाल्याकडे वळली.